मंगळवारपर्यंत थांबा

माझी मावशी इस्पितळाच्या शिवणखोलीत एकवीस वर्षं होती. फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. "डॉक्टरांपेक्षा जास्त टाके मी घालते," असं ती येईल त्याला ऐकवायची, म्हणून इस्पितळभर तिचं नाव टाकेबाई पडलं. उंचीने बेताची, आवाज मात्र दोन मजल्यांना पुरून उरेल असा. आणि हट्टी. तिच्या हट्टाचं मी उगाच कौतुक करणार नाही, त्याचा त्रास मी लहानपणापासून भोगलाय. पण या एका बाबतीत ती बरोबर होती आणि आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, चूक होतं. हे मी गुळमुळीत लिहिणार नाही.

शिवलेल्या चादरी वॉर्डात पोचवायला ती दुपारी स्वतः जायची. चादर अंथरून झाली की खाटेवरच्या माणसाला विचारायची, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" नको म्हणाले तर "बरं" म्हणून पुढच्या खाटेकडे. हो म्हणाले तर कपाळावर हात ठेवायची आणि चार वाक्यांत उरकायची. "प्रभू, या बाईला तीन लेकरं आहेत. तू मागायला सांगितलंस म्हणून मागतेय. ताप, तुला येशूच्या नावाने सांगते, निघ इथून. आमेन." देवाशी घरच्यासारखं बोलायची आणि तापाला भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखं हाकलायची. माणसं हसायची. काही रडायची. पुष्कळांना बरं वाटायचं. काही जणांना नाही वाटायचं, आणि त्यांच्याकडे ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची.

आमच्या मंडळीत मात्र आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवण्याचा अधिकार फक्त पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, आणि तिघा पंचांना होता. त्याचा वार ठरलेला, मंगळवार. रविवारी उपासना संपल्यावर यादीत नाव लिहायचं, मंगळवारी चौघं काळे कोट घालून इस्पितळात येणार. बुधवारी आजारी पडलेल्याने पुढच्या मंगळवारपर्यंत कळ काढायची. यादी ठेवायचे काका, म्हणजे मावशीचे यजमान. टपाल खात्यातून निवृत्त झालेले. पत्र पत्त्यावर पडलं की झालं, ते कुणाच्या हातात पडलं हे बघायची त्यांना सवयच नव्हती. एकदा सहा नंबरच्या खाटेवरच्या पक्षाघाताच्या आजोबांसाठी चौघांनी पाऊण तास प्रार्थना केली. आजोबा सोमवारी पहाटेच वारले होते. खाटेवर होता पाय मोडलेला एक रंगारी. तो बिचारा पाऊण तास डोळे मिटून पडून राहिला आणि शेवटी आमेनही म्हणाला.

"वरातीमागून घोडं," मावशी म्हणाली. काका म्हणाले, "यादीत नाव होतं."

पुढे कुणा पेशंटने पाळकसाहेबांना तोंडावर सांगितलं, की तुमच्यापेक्षा टाकेबाईंची प्रार्थना लवकर पोचते. मिरच्या झोंबायच्या तिथे झोंबल्या. आठवड्याच्या आत मावशीच्या नावाने मंडळीचा कागद आला. दीक्षा नसलेल्या व्यक्तीने आजाऱ्यांवर हात ठेवू नये, ठेवल्यास प्रभुभोजन बंद. खाली तीन पंचांच्या सह्या. तिसरी सही काकांची.

प्रभुभोजन म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी मिळणारा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. मावशीचा एकुलता एक मुलगा गेला, त्याला गुरुवारी पुरलं, आणि रविवारी ती त्या भाकरीसाठी हात पुढे करून उभी होती. तेवढ्यावर आपण तगलो, असं ती सांगायची. पाळकसाहेबांना हे ठाऊक होतं. काकांना तर होतंच.

म्हणून ती घाबरली. कधी नव्हे ते घाबरली आणि तिने ऐकलं. चादरी अंथरायची आणि मान खाली घालून परत यायची.

सहाव्या दिवशी, शनिवारी, चौदा नंबरवरच्या बाईने तिचं मनगट धरलं. शाळेत झाडलोट करणारी बाई, हृदय कमकुवत झालेलं, भेटायला येणारं कुणी नाही. "टाकेबाई, आज माझ्यासाठी करा ना," ती म्हणाली.

मावशी म्हणाली, "मंगळवारी येतील ते. मंगळवारपर्यंत थांबा."

बाई रविवारी पहाटे गेली. सोमवारी मावशी वॉर्डात पोचली तेव्हा चौदा नंबरची गादी गुंडाळलेली होती. तिने चादरींचा गठ्ठा खाली ठेवला आणि एक नंबरच्या खाटेपासून सुरुवात केली. त्या दिवशी तिने एकही खाट सोडली नाही. संध्याकाळपर्यंत तक्रार पाळकसाहेबांकडे पोचली आणि निरोप आला. येत्या रविवारी मंडळीसमोर उभं राहून क्षमा मागायची, तरच प्रभुभोजन.

मी तेव्हा त्यांच्याच घरी राहत होते. त्या आठवड्यात घरात मीठसुद्धा माझ्यामार्फत मागितलं जायचं. अखेर शुक्रवारी जेवताना मावशी थेट काकांना म्हणाली, "अहो, तुम्हाला हात ठेवायचा अधिकार कुणी दिला?"

"मंडळीने."

"आणि मंडळीला?"

"प्रभूने. आणखी कुणी?"

"मग मधे ही टपाल कचेरीसारखी खिडकी कशाला? माझी त्याची ओळख आहे."

"नियम असतात," काका म्हणाले. "उद्या कुणीही उठेल आणि हात ठेवेल."

"ठेवू दे की. आजारी काय कमी आहेत?"

रात्रीची भांडी घासताना मी तिला समजावलं. "मावशी, दोन वाक्यं म्हण आणि मोकळी हो. नंतर करायचं ते कर. कोण बघतंय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. "ज्याने बघायचं तो बघतोय, पोरी," ती म्हणाली.

रविवारी चर्च भरलेलं होतं. भांडण बघायला माणसं वेळेवर येतात. पाळकसाहेबांनी नाव पुकारलं आणि मावशी जागेवरच उभी राहिली.

"मला क्षमा मागायला सांगितलंय, म्हणून मागते," ती म्हणाली. "मागच्या शनिवारी चौदा नंबरच्या बाईने माझा हात धरून प्रार्थना मागितली. मी म्हटलं, मंगळवारपर्यंत थांबा. मला प्रभूपेक्षा तुमच्या कागदाची भीती वाटली. ती पहाटे एकटी गेली. मी हात ठेवला असता तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. ते त्याच्याकडे. पण तिने मागितलं आणि माझ्याजवळ असून मी दिलं नाही. त्याची मी क्षमा मागते. बाकी कशाचीही नाही."

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी हातातला कागद दोनदा उलटसुलट केला. "बाई, याला क्षमा मागणं म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात ते तुम्ही लिहून घ्या," मावशी म्हणाली आणि बसली.

सहा महिने प्रभुभोजन बंद, असं जाहीर झालं. मग पंच भाकरीची ताटं घेऊन रांगांतून फिरू लागले. आमच्या रांगेला काका आले. मावशीसमोर त्यांचे पाय अडले. तिने हात मांडीवरून उचलले नाहीत.

"पुढे चला," ती म्हणाली. "मागचे खोळंबलेत."

काका पुढे सरकले. मीही त्या दिवशी भाकरी घेतली नाही. मावशी घरी येऊन खूप रडली, आणि दाराआडून ते ऐकताना मला त्या तीन सह्यांचा इतका राग आला, की काकांना मी चहासुद्धा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिचा विसरलेला डबा द्यायला शिवणखोलीत गेले होते. मावशी चादरींची घडी घालत होती. दारात काका उभे. अंगात कोट नव्हता, चालत आल्यामुळे धाप लागली होती.

"आज सोमवार आहे," मावशी मान वर न करता म्हणाली.

"माहीत आहे. पाळकसाहेबांकडे राजीनामा देऊन आलो. यादीही दिली." ते स्टुलावर टेकले. "आता माझ्याकडे कसलाच अधिकार नाही."

मावशीने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"मग आता तुमच्या प्रार्थनेत काहीतरी दम येईल," ती म्हणाली. चादरींचा अर्धा गठ्ठा तिने त्यांच्या हातांवर ठेवला आणि दोघं वॉर्डाकडे निघाले.