समोरची खुर्ची

खुर्ची मोडली तेव्हा कॉफीच्या दुकानातल्या सगळ्या माना कोपऱ्यातल्या एका बाईकडे वळल्या. आणि ती तर आपल्या खुर्चीत नीट बसलेली होती. मोडली होती ती समोरची. त्या खुर्चीतला सडपातळ माणूस आता फरशीवर आडवा पडला होता, एक पाय टेबलाखाली, चष्मा कपाळावर आणि खुर्चीचा मागचा पाय शेजारी सुटा पडलेला. तरीही वेटर धावत आला तो थेट तिच्याकडे.

"मॅडम, लागलं नाही ना तुम्हाला?"

तिने नुसती मान हलवली. शेजारच्या टेबलावरच्या बाईने पर्स उचलून छातीशी धरली होती. काउंटरमागची मुलगी ओठ दाबून हसू आवरत होती. कुणी काही वाईट बोललं नाही, पण तिचं अंग बघून सगळ्यांनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. याची तिला सवय होती. ज्याची सवय नव्हती ते वेगळंच होतं. पडल्या पडल्या त्या माणसानेही मान वळवून आधी तिच्याच खुर्चीकडे पाहिलं होतं. एक क्षणभरच, पण तिने ते टिपलं.

आणि त्याहून मोठा धक्का आणखी वेगळा होता. खरोखरच ही करणी तिची होती.

ती घरातली धाकटी. पण चौथीत असतानाच अंगाने थोरल्या बहिणीच्या पुढे गेली, तेव्हा काकांनी गमतीत तिला 'मोठी' म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता पस्तिशीला आली तरी ताई तिला मोठी म्हणून हाक मारते, आणि नवीन माणसाला या दोन बहिणींचा हिशेब लागता लागत नाही. शहराच्या टोकाला फर्निचरचा एक कारखाना आहे, तिथल्या तपासणी विभागात ती कामाला होती. खुर्ची बाजारात जाण्याआधी तिला पुरतं छळायचं, हे तिचं काम. एक यंत्र बैठकीवर वजन आपटत राहायचं, दुसरं पाठ मागे रेटायचं, आणि मोठी कान देऊन उभी. सांधा सैल झाला की लाकूड आधी बारीक कुरकुरतं. तो आवाज तिला इतर कुणाच्याही आधी ऐकू यायचा. यंत्र बंद पडलं तर मोठीला बसवा, हा तिथला सुपरवायझरचा ठरलेला विनोद. तो त्याच्या तोंडून निघायच्या आतच मोठी स्वतः करून मोकळी व्हायची. दुसऱ्याने मारण्यापेक्षा आपणच मारून घेतलं की कमी लागतं, असं तिला वाटे.

लग्नाच्या खटाटोपाला ती कंटाळली होती, पण एकटेपणाला त्याहून जास्त. म्हणून ताईच्या नादाने मोबाइलवरच्या जोडीदार शोधून देणाऱ्या एका अ‍ॅपवर तिने नाव घातलं. ताईने मानेच्या वरचाच फोटो निवडला होता. पहिला माणूस भेटायला आला, दारातून तिला पाहिलं, वाजत नसलेला फोन कानाला लावला आणि बोलत बोलत उलट्या पावली निघून गेला. त्या संध्याकाळी मोठीने फोटो बदलला. नवा फोटो पायापासून डोक्यापर्यंत, कामाच्या कपड्यांत, यंत्राशेजारी उभी. ज्याला यायचं त्याने बघूनच यावं.

मग महिनाभर शुकशुकाट. आणि एके दिवशी एका सलूनवाल्याचा निरोप आला. ते मागचं यंत्र कशाचं आहे, एवढंच विचारलं होतं त्याने.

हा माणूस केस कापायचा. स्वतःचं सलून नव्हतं, दुसऱ्याच्या सलूनमध्ये एक खुर्ची त्याच्या वाट्याला होती. दिवसभर उभा असायचा, बोलायचा भरपूर, आणि गिऱ्हाइकांच्या नकला अशा करायचा की मोठीला ठसका लागे. ते दोनदा भेटले. दोन्ही वेळा बागेतल्या बाकावर, कारण बाक सिमेंटचे असतात आणि मोठीने ते आधीच बघून ठेवले होते. तिसऱ्या भेटीला मात्र तो म्हणाला की आता जरा बरी कॉफी पिऊ, आणि दुकानही त्यानेच ठरवलं.

अशा वेळी मोठी जे नेहमी करायची, तेच तिने केलं. आदल्या दिवशी एकटीच जाऊन आली. खुर्च्यांना हात आहेत का, असले तर मधे मावेन का, टेबलांच्या मधून जाताना कुणाला उठवावं लागेल का, उंच स्टूल सोडून काही आहे का. लोक मेनू बघतात, ती बैठकी बघायची. कोपऱ्यातलं टेबल तिला पसंत पडलं. बिनहातांच्या दोन खुर्च्या, भिंतीला पाठ, वाट मोकळी. त्यातल्या एका खुर्चीची पाठ धरून तिने हलवली मात्र, आणि तो बारीक आवाज कानावर आला.

वेटरला सांगावं असं मनात आलं होतं. पण मागे एकदा एका खानावळीत तिने असंच सांगितलं होतं. मालक चारचौघांत म्हणाला होता, आजवर कुणाची तक्रार नाही बाई, तुम्ही टेकलात म्हणून असेल. तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप लावलं होतं.

आज ती वेळेआधी पोचली. बाकीची टेबलं भरलेली. कोपऱ्यात त्याच दोन खुर्च्या, आणि कुरकुरणारी होती भिंतीकडे, म्हणजे तिच्या बाजूला. मोठीने इकडेतिकडे बघितलं आणि दोन्हींची अदलाबदल केली. तो काडीसारखा माणूस. त्याला काय होतंय?

खरं तर हे तिला कळायला हवं होतं. सुटलेला सांधा बसणाऱ्याचं वजन विचारत नाही. कारखान्यात नवीन आलेल्या पोरांना ती हेच शिकवायची. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा तिनेही सगळ्या जगासारखाच विचार केला होता, की खुर्ची मोडते ती जाड माणसाखाली. कॉफी आली, सलूनवाला एका टकल्या गिऱ्हाइकाची नक्कल करायला लागला, नक्कल रंगात आली तसा खुर्चीच्या मागच्या दोन पायांवर झुलला, आणि धाडकन खाली गेला.

आता तो डाव्या हाताने उजवं मनगट धरून उठत होता.

"दादा, पडलोय मी," तो वेटरला म्हणाला. "त्यांना काय विचारता?"

दुकानात हशा पिकला. वेटर ओशाळला, पण आतून एक जाडजूड लोखंडी खुर्ची घेऊन आला आणि ठेवली ती मोठीच्याच शेजारी. तुम्ही यात बसा, ही मजबूत आहे, असं अगदी मायेने म्हणाला. सलूनवाल्याचा चेहरा लाल झाला. मनगट सुजायला लागलं होतं, तरी तो तिच्या वतीने भांडायला उभा राहिला. मॅनेजरला बोलावून घेतलं. मोडकी खुर्ची मांडून ठेवता आणि वर यांच्याकडे बघता, लाज वाटत नाही का, असं सगळं दुकान ऐकेल इतक्या आवाजात सुनावलं. मोठीसाठी असं कुणी कधी उभं राहिलं नव्हतं. एरवी तिला भरून आलं असतं. आत्ता मात्र तो थांबावा असं तिला वाटत होतं.

"या बाई खुर्च्याच तपासतात कारखान्यात," तो म्हणाला. "विचारा त्यांना, कुणाची चूक ते."

मॅनेजर तिच्याकडे वळला. सगळेच वळले. मोठीने सुट्या पायाकडे पाहिलं.

"मागचा सांधा सुटलेला होता," ती म्हणाली. "डिंक वाळून गेलाय."

"बघा. नुसतं बघून ओळखलं."

तो अभिमानाने बोलला होता. तिथेच गप्प बसली असती तर सगळं निभावून गेलं असतं. मॅनेजरने माफी मागितली असती, सलूनवाल्याने तिला घरापर्यंत सोडलं असतं. पण तो अभिमान तिला बघवेना.

"बघून नाही," ती म्हणाली. "मला कालपासून माहीत होतं. ही खुर्ची माझ्या बाजूला होती. मी ती तुमच्याकडे सरकवली."

मॅनेजर वाकून सुटा पाय उचलायला लागला. सलूनवाल्याने मनगट छातीशी धरलं आणि हळू आवाजात विचारलं, "दवाखाना कुठे आहे जवळ?"

दवाखाना पलीकडच्या गल्लीत होता. वाटेत ती त्याच्या दोन पावलं मागे चालत राहिली. आत गेल्यावर नर्सने दोघांना पाहिलं आणि मोठीला विचारलं, काय होतंय, धाप लागते का. सलूनवाल्याने सुजलेला हात नर्ससमोर धरला. हाड चिरलं होतं. उजवं मनगट, ज्यात तो कात्री धरायचा. प्लास्टर, आणि दीड महिना काम बंद.

प्लास्टर वाळेपर्यंत दोघं बाहेर बाकावर बसले.

"असंच असतं का तुमचं रोज?" त्याने विचारलं.

"रोज नाही. रविवारी मी घरीच असते."

तो हसला नाही. मग तो बोलायला लागला, आणि रागाच्या भरात अहोजाहो कुठल्या कुठे गेलं. खुर्ची खराब आहे, दुसरीकडे जाऊ, एवढं तोंडाने सांगता येत नव्हतं का? मी काय म्हणालो असतो? मला एवढंच ओळखलंस? मी तिथे सगळ्यांशी भांडत होतो आणि तू ऐकत बसली होतीस. मोठीने सगळं ऐकून घेतलं. त्याचं प्रत्येक वाक्य खरं होतं.

"एक विचारू?" ती शेवटी म्हणाली. "पडल्यावर तुम्ही आधी कुठे बघितलंत?"

तो आठवायला लागला, आणि आठवलं तसा त्याचा चेहरा उतरला. दुपारभरात त्याला बसलेला हा दुसरा धक्का, आणि पहिल्यापेक्षा तो जास्त लागलेला दिसत होता.

"तुझ्या खुर्चीकडे," तो म्हणाला. "मला वाटलं तुझी मोडली, आणि तिच्या हादऱ्याने मी पडलो."

एवढं बोलून तो आपल्याच बोलण्याने दचकला. मोठी त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं लोकांच्या मनात काय चालतं याचा ती अंदाजच बांधत आली होती. तोंडावर असं सरळ कबूल करणारा हा पहिलाच.

नर्सने जायला सांगितलं. त्याला एका हाताने जॅकेट घालता येईना. मोठीने बाही धरली, त्याने घालू दिली.

"मी रागावलोय," तो म्हणाला.

"हो."

"उद्याही असेन. कात्री धरतो मी या हातात."

"माहीत आहे."

"परवा फोन करीन. रागातच करीन, पण करीन. तू उचल."

तो बसथांब्याकडे गेला. मोठी दवाखान्याच्या पायरीवर उभी होती तेवढ्यात ताईचा फोन आला. कसं झालं, काय म्हणाला, कॉफीचे पैसे कुणी दिले, असे सगळे प्रश्न एका श्वासात.

"हात मोडला," मोठी म्हणाली.

"कुणाचा?"

"त्याचा."

मग ताई अगदी जपून म्हणाली, "तू बसलीस की काय त्याच्यावर?"

सख्खी बहीण. मोठीला ते टोचलं, आणि नेहमीसारखा आपणच पुढे होऊन एखादा विनोद मारावा असं ओठांवरही आलं. पण तिने तो मारला नाही.

"नाही ताई. वजनाचा काही संबंध नाही. मी चुकीचं वागले, त्यात त्याचा हात मोडला. खूप रागावलाय माझ्यावर. बरोबरच आहे त्याचं."

"अगं मग तू हसतेस कशाला?"

मोठीने गालाला हात लावून पाहिला. हसत होती खरी. का, ते तिला स्वतःलाच धड कळत नव्हतं, ताईला काय सांगणार?

"घरी आल्यावर बोलते," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरायला लागली.