नळाला पाणी असलेले घर

‘तयार ताबा. आजच राहायला या.’ या दोन वाक्यांतले दुसरे माझे आहे. मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. जाहिरात विभागाकडून आलेला इंग्रजी मजकूर मराठीत करून देणे हे आमच्या टेबलावरचे कोणालाच नको असलेले काम होते, आणि दुपारपाळीत ते माझ्याकडे येई. मूळ मजकुरात फक्त ‘रेडी पझेशन’ होते. ओळ अर्धी रिकामी दिसत होती, म्हणून मी ती भरली.

त्या रविवारी वडिलांनी तीच जाहिरात कात्रीने नीट कापून माझ्यासमोर ठेवली. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या पुढे, चार मजली नवी इमारत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास घरात. आईने लालबागच्या चाळीत तीस वर्षे सार्वजनिक नळावर नंबर लावला होता. तिला घरात नळ हवा होता, दुसरे काही तिने मागितले नाही. ती ओळ मी लिहिली आहे हे मी दोघांनाही सांगितले नाही.

घर पाहायला गेलो तेव्हा बिल्डरचा माणूस आम्हाला तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. वडील मालवणकडचे. कुठलीही जागा पाहताना ते आधी पाणी पाहत. त्यांनी तिन्ही नळ एकामागून एक उघडले, ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरली आणि आईकडे पाहून मान हलवली. पाण्याची काही कटकट नाही काका, असे तो माणूस म्हणाला. आदल्या संध्याकाळी टँकर बोलावून गच्चीवरची टाकी भरून घेतली होती, हे आम्हाला पुढे तिथल्या वॉचमनकडून कळले. दर शनिवारी ती अशीच भरत असत, कारण गिऱ्हाइके रविवारी येत. नळाला पाणी आहे का, हे वडिलांनी पाहिले. ते कुठून येते, हे विचारायचे काम माझे होते. मी रोज लोकांना प्रश्न विचारून पगार घेत होतो.

चाळीतली खोली सोडली. ताबा दसऱ्याला ठरला. भटजींनी सकाळी दहा चाळीसचा मुहूर्त दिला होता. आई पाण्याने भरलेला कलश घेऊन दारात उभी, मागे सामानाचा टेम्पो, भटजी पंचांग काखेत धरून. दाराला कुलूप होते. दहा पस्तीसला बिल्डरचा माणूस किल्ली घेऊन आला आणि किल्लीबरोबर एक टाइप केलेला कागदही. सर्व सोयींसह पूर्ण झालेल्या सदनिकेचा ताबा मिळाला, कसलीही तक्रार नाही, असे त्यावर होते. खाली वडिलांची आणि माझी, अशा दोन सह्यांची जागा.

मी त्याला भोगवटा प्रमाणपत्र दाखवायला सांगितले. इमारत राहण्यायोग्य आहे, असा महापालिकेचा तो दाखला. तो म्हणाला, ऑफिसात आहे, दोन दिवसांत कॉपी मिळेल. मी म्हटले, मग सही दोन दिवसांनी. त्याने फक्त मनगटावरचे घड्याळ वडिलांना दिसेल असे वळवले.

“मुहूर्त टळता हा,” वडील म्हणाले. “सही कर.”

“बाबा, कागद पाहिल्याशिवाय—”

“माका शिकवू नको. तुझी आई केव्हाची उभी आहे.”

मी सही केली. दहा चाळीसला आई आत गेली. त्या दिवशी इमारतीतल्या चौदाही कुटुंबांनी अशीच, दारात उभे राहून, त्याच कागदावर सही केली. सगळ्यांना ताबा मुहूर्तावर देण्यामागे भक्तिभाव होता, असे मला वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी नळ कोरडे पडले.

महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात मी सहा वेळा गेलो. बिल्डरने मंजुरीपेक्षा गॅलऱ्या पुढे काढल्या होत्या आणि तळटाकी बांधलीच नव्हती. त्यामुळे भोगवटा प्रमाणपत्र नव्हते, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून पाण्याची जोडणीही नव्हती. कारकून उद्धट नव्हता. त्याने फाइल माझ्याकडे फिरवली.

“हे बघा साहेब. कागदावर तिथे कोणी राहत नाही. मग मी पाणी कोणाला देऊ?”

बिल्डरच्या ऑफिसात आमच्याच सह्यांचा कागद आम्हाला दाखवण्यात आला. मी बातमी लिहिली. नावे, तारखा, दोन्ही ऑफिसांची बाजू, सगळे त्यात होते. वृत्तसंपादकांनी ती वाचली, चांगली आहे म्हणाले आणि खणात ठेवली. हे आपले जाहिरातदार आहेत, त्यांनी मला आठवण करून दिली. मला आठवण करून देण्याची गरज नव्हती.

टँकर आठवड्यातून दोनदा येई, कधी एकदा. उरलेले दिवस बायका पलीकडच्या गावठाणातल्या विहिरीवर जात. येता-जाता वीस मिनिटे आणि मग तीन जिने. आई चाळीत नंबर लावत होती तेव्हा नळ निदान त्याच मजल्यावर होता. तिने हे एकदाही बोलून दाखवले नाही. वडिलांनी आठवड्याभरात दोनदा स्वतः हंडा उचलायचा प्रयत्न केला. त्यांची कंबर धरली, आणि आईने हंडा परत घेतला. मग ते गॅलरीत बसून ती येते का पाहत राहत.

सात महिने असे गेले. शेजारची दुसरी इमारत त्याच बिल्डरची. तिचा ताबा अक्षय्य तृतीयेला ठरला. शनिवारी संध्याकाळी तिच्या गच्चीवर टँकरचा पाइप चढताना आम्ही चार-पाच वेळा पाहिला होता.

कल्पना आईची. आदल्या दिवशी तिने आमच्या मजल्यावरच्या तिघींना सांगितले. वडिलांना कळले तेव्हा ते म्हणाले, लोकांच्या शुभकार्यात असले करू नये, पाप लागते. आई म्हणाली, लागू दे. ते त्या दिवशी खाली आले नाहीत.

सकाळी साडेनऊला त्या चौघी नव्या इमारतीच्या फाटकात रिकामे हंडे कमरेवर घेऊन उभ्या राहिल्या. घोषणा नाही, फलक नाही. मी रस्त्यापलीकडे होतो. पहिले कुटुंब आले. तरुण नवरा, कलश घेतलेली बायको, नवऱ्याची आई, भटजी. म्हातारीने समोर चार रिकामे हंडे पाहिले आणि जागीच थांबली. भटजींनी पंचांग मिटले. बिल्डरचा माणूस आतून धावत आला.

“मावशी, काय हे? बाजूला व्हा ना. शुभ काम आहे.”

“आम्ही पाण्याला निघालोय,” आई म्हणाली. “विहिरीचा रस्ता हाच.”

विहिरीचा रस्ता तो नव्हता.

म्हातारीने विचारले, पाण्याला म्हणजे? घरात पाणी नाही? आईने आमच्या इमारतीकडे बोट केले आणि सात महिन्यांचा हिशेब चार वाक्यांत सांगितला. म्हातारीने सुनेच्या हातातला कलश काढून घेतला. सून रडत होती. त्या दिवशी पाच कुटुंबे आली, तीन सही न करता परत गेली. ताबा न घेणाऱ्यांचा शेवटचा हप्ता अडकला, आणि बिल्डरला ज्या कामासाठी सात महिने वेळ नव्हता ते त्याने सात आठवड्यांत केले. दोन्ही इमारतींच्या तळटाक्या बांधल्या, गॅलऱ्या कापल्या, दंड भरला.

महापालिकेचा निरीक्षक येऊन गेला. आमच्या घरी बसून त्याने चहा घेतला, विहिरीच्या पाण्याचा. त्याच्या अहवालाची प्रत मी नंतर मिळवली. ‘पाहणीच्या वेळी इमारत रिकामी आढळली’, असे त्यात लिहिले आहे. प्रत अजून माझ्याकडे आहे. तेवढे एकच वाक्य वाचले की मला आजही राग येतो, आणि दुसऱ्या क्षणी आठवते की असेच एक सोयीचे वाक्य मीही लिहिले होते.

नळाला पाणी आषाढात आले. आईने सगळी भांडी भरली, मग नळ बंद करून पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. वडिलांनी चूळ भरली नाही.

परत गेलेली कुटुंबे मुहूर्तासाठी थांबून पुढच्या दसऱ्याला राहायला आली. दिवाळीआधी आई गच्चीवर चादरी वाळत घालत असताना ती सून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. दोन्ही गच्च्यांना जोडणारी फळी होती. मी पाण्याच्या टाकीचे झाकण बसवत होतो.

“त्या दिवशी रिकामा हंडा घेऊन तुम्हीच होतात ना?”

“मीच.”

“आमच्या सासूबाई अजून तुम्हाला शिव्या देतात.”

“देऊ दे,” आई म्हणाली आणि चादर झटकली. “नळाला पाणी येतं ना?”

“येतं.”

“मग धर हे टोक.”