दोन लेकरांसाठी बाटली फोडत नाहीत

"तुमी तिकडं गोठ्याजवळ बसा. इथी मासोळीचा वास येते."

पाटलीणबाई असं बोलल्या आणि मी ओसरीच्या पायरीवर ठेवलेला पाय मागे घेतला. कडेवर तनू होती. माझी पहिली पोरगी. नऊ महिने भरले होते, गोवराची लस टोचायला आणली होती.

अंगणवाडीचं छत गळायचं, म्हणून आमच्या गावात लसीकरण पाटलांच्या ओसरीवर होई. महिन्यातून एकदा नर्सबाई निळा डबा घेऊन गाडीवर येत. डब्यात बर्फ, बर्फात बाटल्या. ओसरीवर सतरंजी अंथरलेली. तिच्यावर धान-कापूसवाल्या घरच्या बाया बसायच्या. आम्ही ढिवर. तलावात जाळं टाकणारे. आमची जागा गोठ्याजवळ.

त्या दिवशी मी आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून गेले होते. मासोळीला हातही लावला नव्हता. पण हे सांगायचं कुणाला? आणि सांगून आणखी लहान व्हायचं?

आमच्या मोहल्ल्यातली सुमनही आली होती, तिचा पोरगा घेऊन. दोघी शेणाच्या ढिगाशेजारी उन्हात बसलो. ओसरीवरची एकेक बाई पोराला टोचून घेऊन, त्याला थोपटत घरी गेली. मग नर्सबाई डब्याचं झाकण लावायला लागल्या.

"बाटली संपली," त्या म्हणाल्या. "दोन लेकरांसाठी नवी फोडता येत नाई. पुढच्या महिन्यात आणा."

मी म्हटलं, बाई, डब्यात तर दुसरी आहे. त्या म्हणाल्या, एकदा फोडली की तीन-चार तासात वापरावी लागते, उरलेली वाया जाते आणि वरून बोलणी त्यांना बसतात. वाईट बाई नव्हती. तनूच्या गालाला हात लावून गेली.

पुढच्या महिन्यात नाल्याला पूर होता, नर्सबाई आल्याच नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा गोठा. पुन्हा शेवटी आम्ही दोघी. पुन्हा बाटली संपली.

मग गावात गोवर आला.

ओसरीवरच्या लेकरांना काही झालं नाही. एखाद्याला ताप आला, उतरला. त्यांच्या अंगाला लसीनं आधीच शिकवून ठेवलं होतं. आमच्या मोहल्ल्यात घरोघरी लेकरं फणफणली. तनूचे डोळे लाल झाले, कानामागून पुरळ उठलं आणि पोटावर, पाठीवर उतरायला लागलं. त्याच सकाळी नवऱ्यानं शेजाऱ्याची गाडी मागितली. पोरीला दोघांच्या मधात धरून आम्ही तालुक्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टर तरुण होते. लस दिली होती का, एवढं विचारलं. मी नाही म्हटलं. पुढचं सांगायला तोंड उघडलं, पण ते वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"तुम्ही लोक लस घेत नाही. देवी आली म्हणत घरी बसता. पार शेवटाला आलं की आमच्या गळ्यात आणून टाकता."

नवरा हात जोडून उभा राहिला. चूक झाली साहेब, म्हणाला. डॉक्टर रागावले तर औषध देणार नाहीत, असं त्याला वाटलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं सगळं होतं. ओसरी, गोठा, झाकण लावलेला डबा. मी तनूला छातीशी घेतलं.

पुरळ सुकलं. काळे डाग उरले. घरी पाठवलं. आम्हाला वाटलं, सुटलो.

पण पोरगी पहिल्यासारखी झालीच नाही. हगवण लागली. ती थांबली तर खोकला. जे येईल ते तिला धरत होतं. पुन्हा तोच दवाखाना. छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. सलाईन लावायला आलेल्या सिस्टरला मी विचारलं, गोवर तर गेला, मग असं काऊन होऊन राह्यलं? तिनं समजावलं. गोवर गेला तरी अंगाला झालेली आजारांची ओळख पुसून जातो. आधी जे आजार अंगानं परतवले, तेही नव्यानं लढावे लागतात. आणि लहान्या अंगात तेवढी ताकद उरत नाही.

मग मी लसीच्या बाटलीचं विचारलं. दोन लेकरांसाठी फोडत नाहीत का?

"एका लेकरासाठीबी फोडायची असते," ती म्हणाली. "उरली तर फेकून द्यायची. तसा नेमच आहे."

मी तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

फेकायची असते. म्हणजे औषध फेकायची मुभा होती. माझ्या पोरीला टोचायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

तनू दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. नवऱ्याच्या मांडीवर. सुमनचा पोरगा वाचला.

पुढे मला दुसरी पोरगी झाली. तिचे नऊ महिने भरले त्या महिन्यात मी सगळ्यांच्या आधी गेले आणि ओसरीवर चढून सतरंजीवर बसले. पोरीला मांडीवर घेतलं. पाय पदराखाली झाकून घेतले.

पाटलीणबाई आल्या. "उठ तिथून. कोनाच्या घरात बसून राह्यली तू?"

"घर तुमचं आहे बाई," मी म्हटलं. "लस तुमची नाई. मी उठत नाई."

नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. बाटली फोडली, औषध कालवलं आणि पहिली सुई माझ्या पोरीला टोचली. ती किंचाळून रडली. मी रडले नाही.

पाटलांनी ओसरी बंद केली. आता लसीकरण शाळेच्या व्हरांड्यात चालते, गावाला ते लांब पडते. बाया म्हणतात, हिच्यामुळं झालं. विहिरीवर मी गेले की बोलणं थांबते. नवराही म्हणतो, आता पुरे कर.

तनूचा फोटो नाही माझ्याकडे. तिचा आवाजही आता नीट आठवत नाही. जे गेलं त्याला माझा इलाज नाही.

पण लसीच्या दिवशी मी आमच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या लेकुरवाळ्या बायांना घेऊन सकाळीच व्हरांड्यात बसते. शेवटाला एकच लेकरू उरलं आणि बाटली संपली, तर मी शाळेच्या दारात आडवी बसते. नर्सबाई वैतागतात. वैतागू द्या. नवी बाटली फुटेपर्यंत त्यांचा डबा त्या दारातून बाहेर जात नाही.