अजून न झालेल्या रस्त्याने चालून आले

मी टोल रस्त्याच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. मी राहते त्या बेसाहून खाप्याकडे जायचं म्हणजे आधी अख्खं नागपूर ओलांडायचं आणि मग खड्ड्यांशी झटायचं. या वयात कमरेला ते झेपत नाही. म्हणून नव्या टोल रस्त्याबद्दल कुसुमच्या गावात सोमवारी सुनावणी आहे असं कळताच पाठिंब्याचं दोन पानी निवेदन स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि रविवारी सकाळी निघाले.

कुसुम म्हणजे कॉलेजच्या वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण. खाप्याच्या अलीकडे एका गावात तिचं सासर. लग्नापासून शेतीच करते. तिचा रस्त्याला विरोध आहे, हे फोनवर कळलं होतं. तिला नीट समजावून सांगायचं, असा माझा बेत होता.

जाणाऱ्यांनी सातच्या आत स्टँडवर यावं. उशिरा आलात तर मागच्या चाकावरची सीट मिळते आणि मग मला दोष देऊ नका. बायकांना अर्धं तिकीट. तर्री-पोहे जरूर खा, पण तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, बेताने. पुढे बस हलते. थंडीतच जा. शहर संपलं की कापूस, तूर, संत्र्याच्या बागा, आणि खिडकीतून येणारा गार वारा, तो फुकट.

पुढच्या सीटवर दोन शेतकरी बोलत होते.

"टोल रस्ता झाला तं बरं होईन गा."

"होईन न. पन आपली बस त्याच्यावरून जाईन का? थो तं कारवाल्याईसाठी."

मी पिशवीतलं निवेदन काढून चाळलं. दोन पानांत बस हा शब्दच नव्हता.

"आली का वं माही विरोधी पार्टी?" कुसुम दारातच म्हणाली. जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी. हात धुतले आणि निवेदन वाचायला घेतलं. पहिला परिच्छेद तिने ताटं आवरता आवरता ऐकला. मग स्टीलच्या डब्यात गरम भाकरी भरल्या.

"बाकीचं चालता चालता वाच. बुढा उपाशी हाय शेतात."

बुढा म्हणजे तिचा नवरा. घरामागून पांदण निघते, म्हणजे शेतांकडे जाणारी गाडीवाट. दोन्हीकडे बाभळी, मधे चाकोऱ्या. पाच मिनिटांवर लाल-पांढऱ्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या.

"हा तुया रस्ता," कुसुम म्हणाली. "दोन्हीकून भिंत येऊन राहिली. पलीकडे जायाले बोगदा हाय, पन थो नाल्यापाशी. चाल, आज तिकूनच जाऊ."

"काहून?" माझ्याही तोंडून "का"ऐवजी तिचाच शब्द निघाला.

"तू शिकलेली हायेस न वं. पाहून तं घे."

मग आम्ही साठीच्या दोघी बायका बांधाबांधाने नाल्यापर्यंत गेलो आणि पलीकडच्या अंगाने तेवढंच परत आलो. साडीच्या काठाला कुसळं, चपलेत खडे. मी धापा टाकत होते, ती बोलत होती. "रस्ता झाला तं तू माह्याकडं लवकर पोचशीन. मी घरी नसीन, तेवढं ध्यानात ठेव."

एरवी दहा मिनिटांची वाट. घड्याळात सव्वा तास झाला होता. भाऊजींनी थंडगार भाकर हातात घेऊन विचारलं, "आज कोनीकून आल्या?"

"शालूच्या टोल रस्त्यानं!" कुसुमने माझ्याकडे बोट केलं.

ते मनापासून हसले आणि माझ्या ओंजळीत तुरीच्या शेंगा ओतल्या. उरलेलं निवेदन मी वाचलं नाही. परतताना पांदणीने आलो, घड्याळाने दहा मिनिटं.

सोमवारी समाजभवनात पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. एक मिशीवाले गृहस्थ उठले, "जमिनीले भाव येईन!" मागून कुणी ओरडलं, "मंग भावच पेरजो गा!" हशा झाला. अधिकारी सभ्य होते. कुसुमने पांदणीचं विचारलं, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर खरोखर बोट फिरवून शोधलं.

"बाई, नकाशात इथे वाट नाही."

"नकाशात नसन. आमचे बैल त्याच्यावरूनच जातेत."

पुन्हा हशा. अधिकारी म्हणाले, "लेखी द्या. आज आलेलंच धरलं जाईल."

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. वसतिगृहात परीक्षेच्या आदल्या दिवशी वही मागताना पाहायची, अगदी तसंच. मी निवेदन काढलं. पाठिंब्याचा मजकूर तसाच ठेवला. शेवटच्या पानाच्या मागे लिहिलं: पांदणीवर ट्रॅक्टर जाईल असा बोगदा हवा, तो नसेल तर हा पाठिंबा विरोध समजावा. खाली दोन्ही वाटांचा वेळ लिहिला, स्वतः चालून मोजलेला. पहिली सही कुसुमची, मग सतरंजीवरच्या सगळ्यांची, शेवटी भाववाल्या मिशांचीही. शिक्का मारलेली पोच मिळाली. बोगद्याचा शब्द मात्र मिळाला नाही.

घरी येऊन काठातली कुसळं एकेक काढली. रस्ता मला अजूनही हवा आहे. बोगद्याचं उत्तर अजून आलेलं नाही. निघताना कुसुमने सोलाणे, म्हणजे सोललेले ओले हरभरे, भरून दिलेला तो स्टीलचा डबा धुऊन ओट्यावर ठेवला आहे. रिकामा डबा परत द्यायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून तिळाचे लाडू केलेत. पुढच्या आठवड्यात नेते, त्याच खड्ड्यांतून, अर्ध्या तिकिटात. कुसुम घरी नसली तरी हरकत नाही. पांदणीने तिच्या शेतात जायला दहाच मिनिटं लागतात, अजून तरी.