आजारी मासे आणि भेटायला येणारी माणसं

सोमवारी सकाळी शेततळ्यावर गेले, तर काठाशी पाच-सहा रोहू सुस्त तरंगत होते... अंगावर लाल चट्टे, शेपटीजवळ जखमा. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात थंडी पडली की मी तळ्याकडे जरा धास्तीनेच बघते. या वेळी धास्ती खरी ठरली.

मत्स्यव्यवसाय विभागाच्या मॅडमना फोटो पाठवले. त्या आल्या, नमुने घेतले आणि जाताना बजावून गेल्या... मासे विकायचे नाहीत, मेलेले चुना टाकून पुरायचे, पाणी नाल्यात सोडायचं नाही. आणि तळ्यावर कोणाला फिरकू द्यायचं नाही, कारण हा रोग ओल्या पायांनी, बादलीनं, जाळ्यानं दुसऱ्या तळ्यात जातो.

बाकी सगळं जमलं हो. शेवटचं मात्र...

आमच्याकडे कोणी आजारी पडलं की भेटायला जावंच लागतं. नाही गेलं तर वर्षभर टोमणे. पण लोक माशांनाही भेटायला येतात, हे मला या आठवड्यात कळलं!

दुपारपासून रांगच लागली. येणाऱ्यांतल्या निम्म्यांची स्वतःची शेततळी, म्हणजे ज्यांनी येऊच नये तेच आधी हजर. कोणी मासा उचलून उलटा-पालटा करून बघतंय, कोणी हळद टाक म्हणतंय, कोणी कडुलिंबाचा पाला. आणि जाताना सगळे माझ्याच तळ्यात पाय धुणार, वरून मलाच धीर देणार. शेजारच्या काकू तर बिस्किटचा पुडा घेऊन आल्या. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणे!

फाटकाला दोरी बांधली, 'आत येऊ नये' असा बोर्ड लावला. लोकांनी बोर्ड मोठ्याने वाचला आणि दोरीखालून वाकून आत आले. मी ओरडले तर म्हणे, चार मासे काय पाळले, हिला लईच शिंगं फुटली. डोकं नुसतं भणभणत होतं. शेवटी कुलूपच लावलं.

...आणि बुधवारी दादा आला.

दादा माझा थोरला भाऊ. मला मासे पाळायला त्यानेच शिकवलं, पहिली बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, तीही त्याच्याच तळ्यातली. यंदा त्याचा सगळा भरवसा त्या तळ्यावर, महिनाभरात मासे काढायचे होते. बहिणीचं नुकसान ऐकून बिचारा मदतीला धावत आला, तोही गाडीच्या मागे स्वतःचं जाळं बांधून. तेच जाळं उद्या परत त्याच्या तळ्यात जाणार होतं.

मी कुलूप उघडलं नाही. दादा, आत नको येऊ, म्हटलं. आधी त्याला मस्करी वाटली. मग चेहराच उतरला.

"काहून वं? मी काय परका हाय का?"

"परका असता तं शिव्या देऊन हाकलला असता. तुह्या तळ्यात सारं चांगलं हाय, म्हनून थांबवून राह्यली."

त्याने गाडी वळवली आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेला. संध्याकाळी वहिनीचा फोन... ते जेवले नाहीत, असं काय बोललात त्यांना? मी फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले. तिकडे मासे मरतायत ते मरतायत, इकडे भाऊही तुटला असं वाटलं.

अर्ध्याहून जास्त मासे गेले माझे. दादाचा मात्र फोन नाही.

मग परवा भाचीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून माहेरी गेले. मनात धाकधूक होती. दादा दारातच उभा होता. हातपाय धुवून घे म्हणाला, आणि लगेच पुढे म्हणाला की वावराकडे जायचं नाही, तिकडे त्यानेही कुलूप लावलंय.

खरं सांगते, टोचलं. ज्या तळ्यावर मी सगळं शिकले, तिथे मलाच बंदी! बरं, बोलायला तोंडही नव्हतं. जेवायला बसलो तेव्हा हळूच विचारलं, मासे कसे आहेत रे?

माझ्या ताटात भाजी वाढत तो म्हणाला, "मस्त हायेत. तू दूर हाय म्हनून."

सगळे हसले, मीही हसले. एवढा अपमान होऊनही त्या दिवशी दोन पोळ्या जास्तच गेल्या.