अर्धी गोष्ट आधीच्या आवाजात

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर लिहिलं ते सही आणि किराण्याची यादी. ही वही पेटीतच राहणार आहे. पण पुढे कधी कोणा बाईच्या हाती लागली आणि तिच्या गळ्यालाही गाठ असली, तर तिला उपयोग व्हावा म्हणून लिहिते. मला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं.

नवीन जालन्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टर मॅडमकडे आम्ही नवरा-बायको बसलो होतो. मॅडमनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "थायरॉइडचा कॅन्सर आहे. याला पॅपिलरी म्हणतात. त्यातल्या त्यात हा सावकाश चालणारा. पण ऑपरेशन लागेल."

थायरॉइड म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली ग्रंथी. ती प्रत्येकाला असते, हे मला त्या दिवशी कळलं.

हे म्हणाले, "पण मॅडम, हिला दुखत तर बिलकुल न्हाई."

"दुखत नाही म्हणूनच उशीर होतो. आवाज बदललेला आधी कळला नाही का तुम्हाला?"

यांनी खाली बघितलं. "ही बोलतीच कमी," म्हणाले.

ते खरंच होतं. मी लहानपणापासून हळू बोलते. लग्नानंतर अजून हळू. माझा आवाज कधी फाटला ते घरात कोणाला कळलं नाही, मलाही नाही. ते मोबाईलमुळे कळलं.

आमचं गाव जाफराबाद तालुक्यात. आम्ही बाया शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, क्रॉसिंगला जातो. बियाणं कंपनीसाठी मिरचीचं बी तयार करायचं हे काम आहे. उद्या उमलणारी कळी आज चिमट्याने उघडायची, तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे, उद्या सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग तिला लावायचे आणि ओळखू यावी म्हणून धागा बांधायचा. दिवसभर मान खाली. मान दुखायची आणि गळा जड वाटायचा तो कामानेच, असं मी धरून चालले होते.

गावात एका संस्थेच्या माधुरीताई यायच्या. मोबाईलवर गोष्ट कशी बनवायची ते त्या बायांना शिकवायच्या. आपणच फोटो काढायचे, ते ओळीने लावायचे, त्यावर आपल्या आवाजात सांगायचं आणि खाली संगीत घालायचं. त्याला त्या डिजिटल गोष्ट म्हणायच्या. आमच्या शेजारच्या रुखमाबाईने माझं नाव घातलं, नाहीतर मी गेले नसते. गोष्टीला विषय काय घ्यावा ते सुचेना. ताई म्हणाल्या, रोज काय करता तेच सांगा. मग मी क्रॉसिंगचीच गोष्ट धरली. नेटात बाया तोंडाला रुमाल बांधतात आणि फोटो काढू देत नाहीत, म्हणून मी नुसत्या हातांचे फोटो काढले.

पहिल्यांदा आवाज भरला तो ताईंनी कानाला लावून ऐकला. "सुनंदाताई, गोणीत बसून बोलल्यासारखं येतंय," म्हणाल्या. मोबाईल तपासला, तो बराबर होता. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. बोलताना मी पदर तोंडावर धरला होता. मला ते माहीतच नव्हतं.

रुखमाबाई म्हणाली, "सासरा जाऊन धा वर्सं झाली. अजून कुणाला लाजून राह्यलीस?"

सगळ्या हसल्या, मीही हसले.

दुसरं चुकलं ते संगीताचं. मी ते इतकं मोठं ठेवलं होतं की माझं बोलणं त्याच्याखाली दडलं. मुद्दामच ठेवलं होतं. ताईंना ते ओळखू आलं. "संगीत मिठाएवढं घालायचं," एवढंच त्या म्हणाल्या.

दोनेक महिन्यांनी पुन्हा आवाज भरला. या वेळी पदर कमरेला खोचला होता. ताईंनी जुनं आणि नवं एकामागे एक लावलं, दोनदा ऐकलं, मग मला ऐकवलं. "पदर काढल्यावर आवाज साफ यायला पाहिजे. हा तर जास्तच घोगरा झालाय. सर्दी आहे का?" सर्दी नव्हती. त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, उद्याच जालन्याला जा. मी म्हटलं, हंगाम संपला की जाते. त्या म्हणाल्या, "उद्या म्हणजे उद्या." त्यांनीच यांना फोन केला.

तपासण्यांचं सांगते, म्हणजे भीती कमी होईल. पहिली लॅरिंगोस्कोपी. नाकातून बारीक नळी घालून आवाजाची जागा बघतात. दुखत नाही, डोळ्यांना पाणी येतं. मॅडम "ई" म्हणायला लावतात. समोरच्या टीव्हीवर मला माझ्याच घशातल्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. त्यांना व्होकल कॉर्ड म्हणतात, आवाज त्यांच्यातून निघतो. उजवी हलत होती. डावी तशीच पडून होती. नंतर सोनोग्राफी. नंतर एफएनएसी, म्हणजे गाठीत सुई घालून पेशी काढतात. सुई टोचते तेवढीच. रिपोर्टला आठ दिवस लागले. जड गेले ते हे आठ दिवस. रोज नेटात गेले, कळ्या उघडल्या, घरी येऊन स्वयंपाक केला. कोणी विचारलं तर म्हणायचे, घसा बसलाय.

ऑपरेशन संभाजीनगरला ठरलं. तिथले डॉक्टर स्पष्ट बोलणारे. कागदावर चित्र काढून त्यांनी सांगितलं, "आवाजाच्या दोन नसा थायरॉइडच्या मागून जातात. डावी गाठीत अडकलीय, ती वाचेल असं मी म्हणत नाही. उजवी जपू. आवाज पहिल्यासारखा राहणार नाही. उजवीलाही धक्का बसला तर श्वासासाठी गळ्याला छिद्र ठेवावं लागेल. मग बोलणं अवघड."

परत एसटीने निघालो. बदनापूरला हे खाली उतरून दोन चहा घेऊन आले. माझा तसाच हातात थंड झाला.

मला आधी मरायची भीती वाटली होती. आता वेगळंच वाटायला लागलं. चाळीस वर्षं आवाज होता तेव्हा मी तो झाकून ठेवला, आणि आता सांगण्यासारखी एक गोष्ट हाती आली तर आवाजच जाणार. कॅन्सर झालेल्या बाईने मोबाईलच्या गोष्टीचा विचार करावा याची लाज वाटत होती. पण तोच विचार डोक्यात होता.

ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आहे त्या आवाजात भरून ठेवा. घोगरा तर घोगरा."

ऑपरेशनच्या चार दिवस आधी दुपारी बाया जेवायला गेल्या तेव्हा नेटात बसले. हे दारात राखणीला उभे राहिले. त्यांनी मोटार बंद केली, शेजारच्या शेळ्या लांब नेऊन बांधल्या. मी बोलायला लागले. कळी कशी ओळखायची, चिमटा कसा धरायचा, एका दिवसात किती कळ्या होतात, सगळं. थांबून खोकायचे, पुन्हा बोलायचे.

मध्येच हे म्हणाले, "एवढं बोलता येतंय, मंग घरी का बोलत न्हाईस?"

"घरी कोणी बटण दाबत न्हाई," मी म्हटलं.

ते हसले, आणि मग बाहेर जाऊन बराच वेळ उभे राहिले.

धागा बांधायच्या जागेपर्यंत आले आणि घसा पूर्ण बंद झाला. पुढचं राहिलं. दुसऱ्या दिवशी आवाजच उठला नाही. त्यानंतर निघायची गडबड झाली.

ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, पण तपासण्या, जाणं-येणं आणि बाहेरची औषधं यांचा खर्च वरचा होता. त्यासाठी बचत गटाकडून कर्ज उचललं. त्याबद्दल जास्त काय लिहायचं, ज्यांनी उचललंय त्यांना माहीत असतं.

शुद्धीवर आले तेव्हा आधी गळ्याला हात लावला. पट्टी होती, बाजूने एक नळी होती, छिद्र नव्हतं. नळी घाण रक्त बाहेर काढायची असते, तीन दिवसांनी काढली. दुसऱ्या दिवशी बोटांना आणि ओठांना मुंग्या आल्या. मी घाबरले. तुम्हाला आल्या तर लगेच सिस्टरला सांगा, कॅल्शियम कमी झालेलं असतं. पाणी पिताना ठसका लागायचा, तर सिस्टरने हनुवटी खाली करून गिळायला शिकवलं. अजून मी तशीच पाणी पिते.

डॉक्टर आले आणि म्हणाले, "उजवी नस शाबूत आहे. डावी काढावी लागली. नाव सांगा."

मी नाव सांगितलं. नुसती हवा आली.

"येईल," ते म्हणाले. "वेळ लागेल."

वेळ फार लागला. पुढे एकदा आयोडीनचं औषध घेऊन, त्याने अंगातून किरणं निघतात म्हणून, तीन दिवस वेगळ्या खोलीत एकटीने राहावं लागलं. घरी आल्यावर भाकरी थापतानाही दम लागायचा. दर पंधरा दिवसांनी जालन्याला स्पीच थेरपी, म्हणजे आवाजाचा व्यायाम. भिंतीला दोन्ही हात टेकून जोर लावायचा आणि "आ" म्हणायचं. बसला दोन तास, व्यायाम वीस मिनिटं, पुन्हा दोन तास. कित्येकदा वाटलं, सोडून द्यावं. न बोलता माझं कधी अडलं होतं? कंटाळा आजारापेक्षा जास्त दिवस टिकतो, हे लक्षात ठेवा.

माधुरीताईंनी गोष्टीचं विचारलं. राहिलेली गोष्ट आमच्या पल्लवीने भरावी असं ठरलं. पल्लवी माझी मुलगी, दहावीला आहे. तिचा आवाज स्वच्छ. तिने भरलं ते मी रात्री कानाला लावून ऐकलं. "तदनंतर स्त्री-मजूर परागीभवन करतात." पुस्तकात असतं तसं. तिचं चुकलं नव्हतं. पण ते हात माझे होते आणि बोलणारी नेटात कधी वाकलेली नव्हती.

सकाळी मी तिला म्हटलं, "माझं मीच भरते."

"मम्मी, तुझा आवाज ऐकू तरी येतो का?"

"मोबाईल जवळ धरीन."

गोधडी डोक्यावरून घेतली आणि आत बसून बोलले. एका दमात चार-पाच शब्दच निघायचे. पंधरा दिवस लागले. कुठं पराग लावताना फूल तुटतं, तुटलेलं मुकादमाला न दाखवता बाया कुठं टाकतात, तेही सांगितलं. संगीत ताईंनी घातलं. ते बारीक ठेवा, असं मीच म्हटलं.

गोष्ट शाळेच्या खोलीत भिंतीवर दाखवली. मी मागे दाराशी बसले. अर्ध्यात आवाज बदलला तशी पुढची एक म्हातारी म्हणाली, "आता ही दुसरी बाई कोण बोलून राह्यली?"

रुखमाबाईने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी उठले.

"मीच हाय ती," मी म्हटलं. "पहिलीबी मीच."

म्हातारी म्हणाली, "मंग चालू द्या."

पुढची गोष्ट चालू झाली. मी उभीच राहिले.

आता रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते, ती जन्मभर आहे. सहा महिन्यांनी तपासणी असते. आवाज जाडा झालाय, संध्याकाळपर्यंत थकतो. मीही थकते. डॉक्टरांचे, सिस्टरचे, ताईंचे आणि यांचे उपकार आहेत. गळ्यात जड वाटलं तर हंगाम संपायची वाट बघू नका.

गटाच्या बैठकीत हप्ता भरणारीने आपलं नाव आणि रक्कम मोठ्याने सांगायची असते. माझं इतकी वर्षं रुखमाबाईच सांगायची. मागच्या महिन्यात मी पैसे सतरंजीवर ठेवले आणि तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं. पहिल्यांदा सांगितलं ते कोणाला ऐकू गेलं नाही. दम घेतला, परत सांगितलं. दवाखान्याचं कर्ज, शेवटचा हप्ता, सगळं फिटलं. सचिव बाईने ते वहीत लिहून घेतलं.