आम्ही स्पेनला का गेलो नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, पुण्यातल्या एकाही मैत्रिणीला नाही, निखिलला तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही – म्हणून तर जीभ थोडी रेटते आहे. आजवर कितीदा तरी मनाशी सुरुवात केली आणि चहा करायला उठले. आज चहा आधीच करून ठेवलाय.

आम्ही जर्मनीत, इंगोलश्टाटला राहतो. निखिल, माझा नवरा, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मी आर्किटेक्ट. दोन मुली – सई आता तेरा वर्षांची, ओवी नऊची. गणपतीला इथली मराठी मंडळी जमली, की कुणीतरी विचारतंच, अरे, तुम्ही स्पेनला जाणार होतात ना, त्याचं काय झालं? मग निखिल रंगवून सांगतो – ओवी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, डॉक्टर म्हणाले, आत्ता भाषा बदलू नका, मग काय, आम्ही समुद्रावर पाणी सोडलं! लोक हसतात. मी मोदकांची ताटली फिरवायला लागते.

यातलं जवळजवळ सगळं खरं आहे. स्पेन खरं, समुद्र खरा, ओवीचं न बोलणंही खरं.

निखिलच्या कंपनीचा एक विभाग वालेन्सियाच्या खाली, किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावाजवळ निघत होता आणि तिथे त्याला बोलावलं होतं. निखिल मूळचा गुहागरचा. बव्हेरियात समुद्र नाही, मिळते ती मासळी गोठवलेली, आणि पोरी पाण्याला घाबरायला लागल्या होत्या – याचं त्याला फार वाईट वाटायचं. इस्टरच्या सुट्टीत आम्ही जागा बघायला गेलो. तिथल्या मासळीबाजारात तो एका टोपलीसमोर उभा राहिला आणि तिथूनच त्याने आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फोन लावला. "आबा, तारली! अहो, आपली तारली मिळते इथे!" बाजारातल्या बायका त्याच्याकडे बघून हसत होत्या. सई सॉक्समध्ये शिंपले भरून आणत होती. ओवी वाळूत बसून लाटांवर ओरडत होती – शब्द नाही, नुसतं ओरडणं, पण इतक्या मोठ्याने ती घरी कधीच ओरडली नव्हती. तिघंही सुखात होती. आणि मी भाड्याच्या त्या घराच्या गच्चीत उभी होते, परतीची तिकिटं फोनवर पुन्हा पुन्हा बघत.

का? एक कारण मी तुम्हाला लगेच सांगू शकते आणि तुम्ही मानही डोलवाल. लग्न करून जर्मनीत आले तेव्हा पहिली दोन वर्षं मी मुकीच होते. दुकानात बोट दाखवायचं, घरी यायचं. मग भाषेचे वर्ग, एकामागून एक परीक्षा, सईला कडेवर घेऊन केलेला अभ्यास, आणि शेवटी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कायमची नोकरी. ते सोडून परत शून्यावर? कुणालाही पटेल असं कारण आहे हे. मलाही पटतं.

पण ते पूर्ण खरं नाही. पूर्ण खरं असं, की आम्हा दोघांत जर्मन फक्त मला यायचं. निखिलचं ऑफिस इंग्रजीत, त्याचं जर्मन बेकरीच्या काउंटरवर संपायचं. त्यामुळे घरमालक, विमा, मुलींची बालवाडी, जिन्यात बर्फाचे बूट ठेवले म्हणून भांडायला आलेली खालची बाई – सगळं माझ्यामार्फत. "विचारून सांग ना," निखिल म्हणायचा. आबा इथे आले होते तेव्हा फोनवर गावभर सांगायचे, सूनबाई जर्मन फाडफाड बोलते. मला ते आवडायचं. फार आवडायचं. आणि स्पेनमध्ये? तिथे निखिल आधीच फोनवर स्पॅनिश शिकायला लागला होता, माशांची नावं घडाघडा म्हणत होता. तिथे मीच त्याला विचारणार होते – काय म्हणाले रे?

मग सरळ नको का म्हटलं नाही? त्याने विचारलं होतं हो. त्याच गच्चीत, दोनदा. "तुला नको असेल तर नको, मनात ठेवू नकोस." आणि मी काय म्हणाले? – माझं काय, तुम्ही जिथे खूश, तिथे मी खूश. मला जायचं नव्हतं, आणि न जाण्याचा दोषही नको होता. दोन्ही हवं होतं मला.

परत आल्यावर ओवीची नेहमीची तपासणी होती. इथे लहान मुलांची ठरावीक वयाला तपासणी करतात, मी एकटीच जाते. त्या वेळी निखिल मुद्दाम रजा काढून आला, कारण त्याला स्पेनबद्दल विचारायचं होतं. सईला कुठे ठेवणार, म्हणून तीही बरोबर. डॉक्टर म्हातारे, पक्के बव्हेरियन, इंग्रजी हॅलोपुरतं. त्यांनी ओवीला मागून हाका मारल्या, चित्रं दाखवली, कोपऱ्यातून चेंडू आणायला सांगितला. तिने सगळं केलं, तोंडातून एक शब्द न काढता. सई खाली बसून तारेवरचे लाकडी मणी सरकवत होती.

मग डॉक्टर बोलले. ते काय बोलले ते आज पहिल्यांदा जसंच्या तसं सांगते. ते म्हणाले, हिला सगळं समजतंय, कान उत्तम आहेत, काही मुलं वेळ घेतात. घरात तुमची भाषा बोला, भरपूर बोला, ती अजिबात थांबवू नका. आणि स्पेनचं विचारल्यावर ते हसले. "गेनाऊ," म्हणाले – अगदी बरोबर – समुद्र, वाळू, खेळायला पोरं, यापेक्षा चांगलं काय? जा.

निखिलने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

मी म्हणाले, "म्हणतात, आत्ता भाषा बदलू नका."

कसं तोंडातून गेलं कळलंच नाही – असं लिहिणार होते. पण तेही खोटं. बाहेरच्या खोलीत वाट बघताना हे वाक्य माझ्या मनात येऊन गेलं होतं. मी ते हाकललं नव्हतं.

निखिलने नुसती मान हलवली. वाद घातला नाही, पुन्हा विचार म्हणाला नाही. माझ्यावर त्याचा विश्वास होता, हे मला ठाऊक होतं, आणि त्याच भरवशावर तर मी बोलले होते. मग त्याने जे विचारलं त्याचा मी विचारच केला नव्हता. "मग मराठीचं काय? एका भाषेचाच तिला त्रास होत असेल, तर घरातलीही...?" डॉक्टर आमच्याकडे बघून मायेने हसत होते, आम्ही मुलीच्या काळजीने बोलतोय असं वाटून. तेव्हा तरी मला थांबता आलं असतं. नाही का? मी म्हणाले, "तीही कमी करा म्हणतात. घरातही जर्मनच."

निखिलने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि "डांके" म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

तुम्हाला वाटेल, हाच कबुलीजबाब. एवढंच असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं.

खाली गाडीपाशी निखिल पलीकडच्या बाजूने ओवीला सीटमध्ये बांधत होता. मी सईचा पट्टा लावत होते. सात वर्षांची सई. ती माझ्याशी नेहमी मराठीत बोलायची, पण त्या दिवशी जर्मनमध्ये म्हणाली, "आई, डॉक्टर असं नाही म्हणाले." निखिलने मान वर करून विचारलं, काय गं म्हणते ती? मी म्हटलं, आइस्क्रीम हवंय म्हणे.

घरी गेल्यावर बाथरूममध्ये तिचे हात धुताना मी तिला सांगितलं – तुला नीट कळलं नाही, सई. मोठ्या माणसांचं जर्मन वेगळं असतं. तू लहान आहेस अजून.

वर्गात सगळ्यात छान वाचायची ती. तिला शब्द न् शब्द कळला होता. ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ओके." माझ्या मुलीला जे स्वच्छ ऐकू आलं होतं, त्यावर तिने विश्वास ठेवू नये अशी व्यवस्था मी केली. हे सांगायला मी बसले आहे.

स्पेनची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्या हिवाळ्यात ओवी बोलायला लागली – डॉक्टर म्हणाले होते तशी, आपोआप – आणि घडाघडा जर्मनच. निखिल मला जवळ घेऊन म्हणाला, बरं झालं गेलो नाही. तू होतीस म्हणून. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिले. दुसरं काय करणार होते?

निखिल कसा बोलतो ते तुम्हाला माहीत हवं. मी त्याच्या बोलण्यावरच भाळले होते. गुहागरच्या काकांच्या नकला, एका आगाऊ खेकड्याच्या न संपणाऱ्या गोष्टी – सईला रोज जेवताना हसून हसून ठसका लागायचा. ओवीच्या वाट्याला ते काही आलं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर त्याने मनापासून पथ्य पाळलं. संध्याकाळचा जर्मनचा वर्ग लावला. शब्दांखाली बोट ठेवून तिला चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायचा, आणि चार वर्षांची ओवी त्याच्या चुका सुधारायची. तो हसायचा. मग हळूहळू वाचेनासा झाला. आता त्याचं जर्मन बरं आहे, कामापुरतं. पण त्यात नकला होत नाहीत, खेकडाही येत नाही. एकदा ओवी मैत्रिणीला सांगत होती, आमचा पापा ना, फारसं बोलत नाही, शांत आहे. मी शेजारीच काकडी कापत होते. निखिल – शांत!

ओवीला बोलण्याचा सराव द्यायला काही दिवस एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, घरी तुमची भाषा का नाही बोलत? मी म्हटलं, तिच्या वडिलांचा आग्रह आहे. बघा, तेही खापर मी त्याच्याच डोक्यावर फोडलं. पुढे एकदा धीर करून मी निखिलला म्हटलंही, आता बोल की तिच्याशी मराठीत. तर म्हणाला, अगं, नीट शाळा लागू दे तिची, डॉक्टर उगीच सांगतील का? माझंच वाक्य माझ्यासमोर आणून ठेवलं त्याने. ते डॉक्टर निवृत्त होऊन दुसऱ्या गावी गेले, तेव्हा मला हायसं वाटलं. इतकं, की मी त्या दिवशी केक आणला.

सईने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. ती विसरली असेल, असं मी स्वतःला सांगत आले. गेल्या रविवारपर्यंत.

रविवारी आबांचा व्हिडिओ कॉल असतो. आबा आता थकलेत, ऐकू कमी येतं, फोन नाकाला लावून बसतात, त्यामुळे आम्हाला निम्मं कपाळच दिसतं. ओवीला त्यांचं थोडं थोडं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. मध्ये सई बसते आणि इकडचं तिकडे सांगते. निखिल स्वयंपाकघरात मासे तळत होता, शेगडीवरचा पंखा घरघरत होता. आबा म्हणाले, "ओवी, येशील का गं माझ्याकडे? समुद्रावर जाऊ आपण दोघं." ओवीने सईकडे बघून जर्मनमध्ये विचारलं, हे दर वेळी तेच काय म्हणतात? मी जाऊ का आता?

सई क्षणभरही अडखळली नाही. "आबा, ती म्हणते येईन, नक्की येईन. आणि तुमच्या हातची तारली खाईन."

आबा इतके हसले, की त्यांना खोकला आला. फोन हलला, छत दिसलं, परत कपाळ दिसलं. डोळे पुसत होते. सई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती – रागाने नाही. बाथरूमच्या आरशात बघत होती ना, तशीच. तिने ते आबांवरच्या मायेपोटी केलं होतं. मी कशापोटी केलं होतं, ते तिला माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण कसं करतात ते तिला माहीत होतं, आणि कुणाकडून शिकली तेही.

आतून निखिल ओरडला, "आबा एवढे का हसतायत? काय म्हणाली ओवी?"

सई थांबली होती, माझ्यासाठी.

"आबांकडे जायचं म्हणतेय," मी म्हणाले. "तारली खायची म्हणतेय."

तो पंखा बंद करून, हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आला. किती दिवसांनी इतका खूश दिसला. "खरंच असं म्हणाली?" त्याने विचारलं, आणि मी हो म्हणाले.